ताटाची डावी बाजू : पांढुर्णा-सौंसरचा आहार आणि उच्च रक्तदाब

उच्च रक्तदाब म्हणजे रोहिण्यांच्या भिंतींवर रक्ताचा दाब सतत गरजेपेक्षा जास्त असणे. हृदय आकुंचन पावताना जो दाब पडतो तो वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल असताना उरतो तो खालचा. दोन्ही आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. निरोगी प्रौढाचा रक्तदाब १२०/८० च्या खाली किंवा आसपास असतो. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त भरला, तर भारतात सर्वसाधारणपणे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० वर आणली. आपल्याकडचे सरकारी कार्यक्रम १४०/९० हीच मर्यादा धरतात.

या विकाराची मोठी अडचण अशी की तो दुखत नाही. डोके दुखले, चक्कर आली की लोक म्हणतात, ‘बीपी वाढला असंल’. पण ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो त्यांतल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. दरम्यान रोहिण्या कडक होतात, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, मूत्रपिंडाची गाळणी झिजते, डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्या खराब होतात. मग एखाद्या दिवशी लकवा मारतो किंवा छातीत कळ येते, आणि रोगाचे नाव घरात पहिल्यांदा कळते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातल्या सुमारे २८ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. त्या वाढलेल्यांपैकी आपल्याला हा विकार आहे हे माहीत असलेले जेमतेम २८ टक्के होते, उपचार घेणारे १४-१५ टक्के आणि रक्तदाब आटोक्यात असलेले १३ टक्क्यांच्या आत. म्हणजे दर आठ रुग्णांत आटोक्यात असलेला एक.

म्हणून पहिली पायरी मोजणीची. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले आणि रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये त्याला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकण्याची रीत दिली. साधन सोपे असले तरी मोजताना चुका पुष्कळ होतात. बाजाराची थैली हातात घेऊन, जिना चढून आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच मोजला तर आकडा फुगलेलाच येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, खर्रा, बिडी नको. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीत असावा. पट्टा दंडाच्या मापाचा असावा आणि मोजताना बोलू नये. दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी. एकाच दिवसाच्या एका आकड्यावरून निदान करत नाहीत. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, हातपाय लुळे पडणे असे काही असेल तर वेळ न घालवता मोठे रुग्णालय गाठावे लागते.

उपचारांच्या इतिहासात महाराष्ट्राचा एक ठळक वाटा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम अभ्यासला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले, तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळे केले गेले आणि वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आज रेसर्पिन मागे पडले आहे. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन यांसारख्या स्वस्त गोळ्या सरकारी दवाखान्यांत मिळतात. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने पहिल्या टप्प्यात जी पाच राज्ये घेतली त्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते. ठरलेल्या क्रमाने औषध वाढवणे, महिन्याची गोळी एकदम देणे आणि रुग्ण पुन्हा आला की नाही याची नोंद ठेवणे, ही त्याची पद्धत. गोळीची सोय अशी झाली, पण गोळीसोबत जो आहार सांभाळायचा तो प्रत्येक मुलखाच्या स्वयंपाकघरात वेगळा असतो आणि तो त्या मुलखाच्याच पदार्थांच्या नावांनी सांगावा लागतो.

पांढुर्णा आणि सौंसर हे सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे, नागपूरला लागून असलेले तालुके. भोसल्यांच्या नागपूर राज्याचा हा भाग पुढे मध्य प्रांतात आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत हे मराठी तालुकेही राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्यकारभार हिंदीत, घरातले बोलणे मराठीत, आणि मोठ्या आजाराला नागपूर, अशी इथली रीत आहे. दवाखान्यातून ‘नमक कम खाना’ एवढा एक सल्ला घेऊन माणूस परततो. पण चुनात, म्हणजे पिठल्यात, मीठ किती, लोणच्याचे काय, उपासाचे सेंधव चालते का, उन्हाळ्यात वावरात घाम गळत असताना ताकात मीठ घालायचे की नाही, या घरातल्या प्रश्नांची उत्तरे त्या एका वाक्यात मिळत नाहीत.

ती उत्तरे शोधण्याआधी मीठ शरीरात काय करते हे पाहावे. मिठाचा ४० टक्के भाग सोडियम असतो. रक्तातले सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि त्याच नळ्यांतून जास्त रक्त ढकलावे लागल्याने दाब चढतो. निरोगी मूत्रपिंड जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकते. पण वय, वंश, लठ्ठपणा, मधुमेह यांमुळे ही क्षमता कमी झालेल्यांत मिठाचा परिणाम अधिक दिसतो. पोटॅशियम याच्या उलट काम करते. ते मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला लावते आणि रोहिण्यांच्या भिंती सैल करते. त्यामुळे आहारातले मीठ किती, याइतकाच फळे, भाज्या आणि डाळी किती, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

या दोन्ही गोष्टींना भक्कम पुरावा आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ केंद्रांवर दहा हजारांहून अधिक लोकांची लघवी तपासली गेली. ब्राझीलमधल्या यानोमामींसारख्या ज्या जमाती जवळपास बिनमिठाचे खातात त्यांच्यात रक्तदाब कमी होता आणि वयाबरोबर तो फारसा वाढतही नव्हता. १९९७ मध्ये अमेरिकेत ‘डॅश’ नावाच्या आहाराचा प्रयोग झाला. ४५९ प्रौढांपैकी एका गटाला फळे, भाज्या, अख्खे धान्य, डाळी, सुकामेवा आणि कमी स्निग्ध दूध असे आठ आठवडे खाऊ घातले. मीठ सर्व गटांत सारखेच होते. तरीही ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा नेहमीच्या अमेरिकी आहाराच्या तुलनेत सुमारे ११ अंकांनी उतरला. २००१ च्या पुढच्या प्रयोगात याच आहाराबरोबर मीठही कमी केले, तेव्हा दाब आणखी उतरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सर्व पदार्थ धरून एक सपाट छोटा चमचा. भारतीयांच्या पोटात सरासरी ८ ग्रॅम मीठ जाते, असे वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणातल्या लघवीच्या नमुन्यांवरून दिसले.

डॅशची यादी वाचली की ती साहेबी वाटते. पण सौंसरच्या शेतकऱ्याचे जुने ताट तिच्यापासून फार दूर नाही. मराठी पंगतीत ताटाच्या जागा ठरलेल्या असतात. मध्ये भाकरी, पोळी किंवा भात, उजवीकडे भाजी आणि वरण, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, पापड. रक्तदाबाच्या दृष्टीने या ताटाचा मधला आणि उजवा भाग जवळजवळ निर्दोष आहे. बिघाड बहुतांशी डाव्या बाजूत आणि अलीकडे बाजारातून येणाऱ्या पुड्यात आहे. पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला रक्तदाबासाठी नवा आहार शिकायचा नाही. ताटाची डावी बाजू आवरायची आहे आणि उजवी भरायची आहे.

मधल्या भागात ज्वारीची भाकरी. ती मुळातच अळणी असते; पिठात गरम पाणी घालून मळतात, मीठ घालत नाहीत. पोळीच्या कणकेत मात्र बहुतेक घरांत चिमूट-दोन चिमूट मीठ पडते, आणि ब्रेड, पाव, टोस्ट, बिस्किटे यांत तर मीठ आणि सोडा दोन्ही असतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यात तंतू सुमारे १० ग्रॅम, तर पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमच्या आसपास. मॅग्नेशियमही ज्वारीत चांगले. ज्वारीचा पेरा घटला, रेशनचे गहू-तांदूळ आले आणि रोजची भाकरी कित्येक घरांत आठवड्यातून एक-दोनदा होऊ लागली. रक्तदाबाच्या माणसाने ती निदान एका जेवणात परत आणावी. पोळी खायची तर कणीक बिनमिठाची मळावी.

उजवी बाजू इथल्या मातीने भरभरून दिली आहे. तूर हे इथले हमखास पीक. कोरड्या तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते आणि हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले वांग्यात पडतात तेव्हा तंतूही मिळतात. अंबाडी, चिवळ, घोळ, तरोटा, मेथी, पालक, चवळी या पालेभाज्या ऋतूप्रमाणे येतात. अंबाडीचा विशेष हा की तिचा आंबटपणा जिभेला मिठाची उणीव जाणवू देत नाही. चिंच, लिंबू, आवळा, कवठ, टमाटा यांचेही काम तेच. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला इथे सोळा भाज्यांची मिसळ आणि ज्वारीची आंबील होते. सणाच्या त्या एका दिवशी ताटात जितक्या भाज्या येतात त्याच्या चौथ्या हिश्शाएवढ्या रोज आल्या तरी आहाराचे अर्धे काम झाले.

फळांत संत्रा. पांढुर्णा आणि सौंसर हा नागपुरी संत्र्याचाच पट्टा आहे. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या पुढेमागे आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे निघतात. एका मध्यम फळात साधारण २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि सोडियम जवळपास नसते. फोडी चावून खाव्यात. रस काढला की तंतू चोथ्यात जातात आणि तीन-चार फळांची साखर एका घोटात पोटात जाते. संत्र्यावर मीठ-मसाला भुरभुरण्याची सवय मात्र फळाचा फायदा घालवते. विकायला चांगला माल मंडीत आणि घरात गळलेली फळे, हा बागाइतदारांचा जुना शिरस्ता. गळलेले पण निरोगी फळही पोटॅशियमच्या हिशेबात तितकेच चांगले.

जवस हे या पट्ट्यातले तेलबीचे जुने पीक. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णांनी रोज ३० ग्रॅम दळलेले जवस सहा महिने खाल्ले आणि त्यांचा वरचा आकडा सुमारे १० अंकांनी कमी राहिला. हा एक प्रयोग म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. तरी जवसाची चटणी डाव्या बाजूवर राहू द्यायला हरकत नाही, फक्त तिच्यातले मीठ निम्मे करावे. भाजलेले जवस, लसूण, लाल तिखट आणि थोडे तीळ एवढ्यावर तिची चव पुरी होते.

आता डाव्या बाजूचा हिशेब. कैरीच्या लोणच्याला एक किलो फोडींमागे २०० ते २५० ग्रॅम मीठ पडते. मोहरी, मेथी, तिखट आणि तेल धरून बरणी दीड-पावणेदोन किलोची होते. म्हणजे १० ग्रॅमच्या एका फोडीत, तिला लागलेल्या खारासह, सव्वा ते दीड ग्रॅम मीठ. दुपारी एक आणि रात्री एक फोड घेतली की दिवसभराच्या ५ ग्रॅमपैकी निम्मे मीठ तिथेच संपले. हे मीठ कमी केले तर लोणचे टिकत नाही, म्हणून कमी मिठाचे लोणचे घालण्यापेक्षा लोणच्याचा वार ठरवणे सोपे. लिंबाची ताजी फोड, कैरीचा कीस, मुळा, कांदा, काकडी यांची बिनमिठाची कोशिंबीर बाकीच्या दिवशी त्या जागी येऊ शकते.

पापडाचेही तसेच. उडदाच्या एका मध्यम पापडात मीठ आणि पापडखार मिळून अर्धा ग्रॅम मिठाइतके सोडियम असते. तळलेला पापड सोडून भाजलेला घेतला तर तेल वाचते, मीठ तेवढेच राहते. पुष्कळ रुग्ण या जागी फसतात. उन्हाळ्यात गच्चीवर पडणारे बाकीचे वाळवण, कुरडया, सांडगे, मुगवड्या आणि ताकात भिजवून वाळवलेली सांडगी मिरची, हे सगळे खारवलेले असते. मुगवड्यांची भाजी करायची तर वड्यांतले मीठ पुरेसे धरून रश्श्यात वेगळे घालू नये. ठेचा खलबत्त्यात कुटताना खडे मीठ हाताने टाकले जाते आणि तिथे माप राहत नाही. मिरच्या आणि लसूण तव्यावर चांगले करपवून, मूठभर शेंगदाणे आणि लिंबू घालून कुटले की निम्म्या मिठात ठेचा जमतो.

बाजार ही ताटाबाहेरची डावी बाजू. सकाळच्या तर्री-पोह्यात पोह्यांचे मीठ, तर्रीचे मीठ आणि वरून शेव, असे मिठाचे तीन थर एका बशीत येतात. आलूबोंडा, समोसा, कचोरी यांत मिठाबरोबर सोडा आणि वारंवार तापवलेले तेल असते. सावजीच्या मटणात तेलाचा आणि मिठाचा दोन्हींचा हात सैल असतो. पुड्यातल्या शेव-चिवड्यावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, हे एक गणित लक्षात ठेवले तर पुडा वाचता येतो. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम लिहिले असेल आणि अर्धा पाव, म्हणजे १२५ ग्रॅमचा पुडा एकट्याने संपवला, तर अडीच ग्रॅम मीठ पोटात गेले.

घराचा हिशेब मोजायला वजनकाटाही लागत नाही. मिठाचा एक किलोचा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहावी. चार मोठ्या माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर दिवसाला २० ग्रॅम आणि पुडा ५० दिवस पुरायला हवा. पाच माणसे असतील तर ४० दिवस. चौघांचा पुडा २५ दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम झाले, आणि त्यात बाजारचे खाणे अजून धरलेले नाही. गुरांच्या ढेपेत पडणारे आणि लोणच्या-पापडासाठी आणलेले मीठ वेगळे ठेवले तर हा अंदाज बराच नेमका येतो.

मीठ एकदम तोडले तर जेवण बेचव होते, घरात कुरबुर होते आणि दहाव्या दिवशी जुने माप परत येते. दर दोन आठवड्यांनी माप थोडे थोडे कमी केले तर महिना-दोन महिन्यांत जीभ सरावते, मग पूर्वीची भाजीच खारट लागू लागते. त्यासाठी मीठ मुठीने किंवा चिमटीने न टाकता नेहमी त्याच चमच्याने टाकावे. भाजी शिजल्यावर शेवटी मीठ घातले तर ते वरच्या थरात राहते आणि कमी मीठही जिभेला लागते. भात शिजताना त्यात मीठ नको; वरणात आहे तेवढे पुरते. पंगतीत पानात सर्वांत आधी मीठ वाढतात, तो मान राहू द्यावा. पण रोजच्या जेवणात मिठाची वाटी ओट्यावरून ताटाशी येऊ नये. रुग्णासाठी वेगळी अळणी भाजी करण्याची पद्धत फार दिवस टिकत नाही. स्वयंपाक करणारीचे काम दुप्पट होते आणि रुग्णाला आपण वेगळे पडल्यासारखे वाटते. सगळ्या घराचेच मीठ उतरवले तर उद्याचे रुग्णही कमी होतात.

मिठाच्या पर्यायांबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. उपासाला चालणारे सेंधव आणि काळे मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला त्यांचा वेगळा फायदा नाही, उलट बहुतेकदा त्यांत आयोडीन घातलेले नसते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि भगर सेंधव घालून खाल्ल्याने उपासाच्या दिवशीही मीठ कमी होत नाही. कमी सोडियमच्या मिठाची गोष्ट निराळी. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी या मिठाची शिफारस केली, पण गरोदर स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले यांना त्यातून वगळले. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या शरीरातले पोटॅशियम वाढवतात. त्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये.

मिठाखेरीज इतर गोष्टीही आकडा हलवतात. वजन एक किलोने उतरले की वरचा आकडा साधारण एका अंकाने उतरतो. आठवड्यातून १५० मिनिटे झपाझप चालण्याचा फायदा स्वतंत्रपणे मिळतो. वावरात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज कमी, दुकानावर किंवा टेबलाशी बसणाऱ्याला ती फार. दारूने दाब चढतो, आणि मोहाची असो की ठेक्यावरची, तिच्याबरोबरचा चखना खारटच असतो. खर्ऱ्यातल्या तंबाखूतले निकोटिन प्रत्येक तोंडामागे रोहिण्या आवळते आणि नाडी वाढवते. दिवसातून आठ-दहा वेळा खर्रा खाणाऱ्याच्या रोहिण्यांना उसंतच मिळत नाही. कापूस वेचून कंबर धरली की मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडालाही इजा करतात. खोकल्यासाठी रोज चघळलेला जेष्ठमधही दाब चढवतो. घरच्या औषधाबद्दल हे कोणाला सुचत नाही.

काही जणांनी हा आहार जसाच्या तसा घेऊ नये. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यांनी फळे, डाळ आणि पालेभाजी किती खायची हे तपासणीचे आकडे पाहून ठरते. मधुमेह असेल तर फळांचे आणि भाताचे माप वेगळे. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब हा निराळाच विकार आहे. त्यावर घरी मीठ तोडणे हा उपाय नाही. दवाखान्यातली तपासणी न चुकवणे हा आहे. उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दिवसभर उन्हात राबणाऱ्याचे मीठ घामातून जाते, आणि तो लघवीची गोळी घेत असेल तर चक्कर येऊन पडू शकतो. अशा दिवसांत पाणी भरपूर घ्यावे, ताक पातळ आणि मीठ बेताचे घ्यावे, उभे राहताना अंधारी येत असेल तर रक्तदाब मोजून गोळीचे माप डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. हिवाळ्यात थंडीने रोहिण्या आकसतात आणि तोच दाब पुन्हा चढतो. म्हणून वर्षभर एकच माप चालेल असे गृहीत धरू नये.

आहाराने किती साधते, याचे उत्तर सरळ आहे. मीठ रोज चार-पाच ग्रॅमने कमी केल्यास रुग्णाचा वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरतो. भाज्या, फळे, वजन आणि चालणे यांची त्यात भर पडते. ज्याचा आकडा १४०-१५० च्या दरम्यान आहे त्याला एवढ्याने गोळी लांबवता येऊ शकते, हे ठरवायचे मात्र डॉक्टरांनी. ज्याचा १७० आहे त्याला गोळी लागणारच. आहारामुळे तिचा डोस कमी राहतो. गोळीने आकडा १२८ वर आला म्हणून ती सोडणे ही सर्वांत मोठी चूक. आकडा गोळीमुळे खाली आलेला असतो, गोळी थांबली की काही दिवसांत तो पूर्वीच्या जागी जातो आणि त्याची चाहूलही लागत नाही. लकवा मारून नागपूरला न्यावे लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांकडून ‘बरं वाटत होतं म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य वारंवार ऐकू येते.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाने या विषयात उतरताना चार कामे आधी करावीत. वय तिशीच्या पुढे असेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब मोजून घ्यावा. तिथे ही तपासणी फुकट होते. आकडे एका वहीत तारखेसह लिहावेत आणि वही डॉक्टरांकडे नेताना सोबत ठेवावी. घरातल्या मिठाच्या पुड्यावर आज तारीख टाकावी. आणि गोळी सुरू असेल तर ती कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्याही काढ्याच्या भरवशावर, स्वतःहून बंद करू नये.